मनोरुग्णाचा हक्क आणि आपले कर्तव्य

(यवतमाळ जिल्ह्यातील एका बुद्ध विहारात वर्षावासानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



वर्षावासाच्या या दिवसांत आपण संध्याकाळी येथे जमून ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन करतो. आज तो ग्रंथ थोडा वेळ मिटून ठेवावा आणि जी गोष्ट आपण स्वतःच्या घरातही मोठ्याने बोलत नाही ती या विहारात बोलावी, असे मला वाटते. ती गोष्ट म्हणजे मनाचा आजार. पोटात दुखले तर आपण शेजाऱ्याला सांगतो. ताप आला तर दवाखान्यात जातो. परंतु मन दुखावले, झोप उडाली, जगण्याची इच्छा सरली, तर आपण दार लावून घेतो. हे लावलेले दार आपण उघडले पाहिजे, एवढेच सांगण्यासाठी मी उभा आहे.

आपला यवतमाळ जिल्हा साऱ्या देशाला ठाऊक झाला आहे, पण तो अभिमानाच्या कारणाने नव्हे. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह जीवनाचा अंत केला, आणि त्या दिवसाचे स्मरण म्हणून आज महाराष्ट्रात अनेक लोक दरवर्षी १९ मार्चला अन्नत्याग करतात. त्यानंतरच्या वर्षांत किती घरांत असा अंधार झाला हे आपण आपापल्या गावात पाहिले आहे. कापसाचा भाव, सावकाराचे कर्ज, कोरडवाहू जमीन, बोंडअळी ही कारणे सर्वजण सांगतात, आणि ती खरीच आहेत. परंतु या चर्चेत एक माणूस नेहमी बाहेर राहतो. तो म्हणजे ज्याच्या नावावर सातबाराच नाही.

२००६ सालच्या शासननिर्णयाप्रमाणे आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांचे साहाय्य मिळते. परंतु त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते. जमीन कोणाच्या नावावर होती, कर्ज कोणत्या बँकेचे होते, ते थकले होते काय, हे पाहून मरणावर पात्र अथवा अपात्र असा शेरा मारला जातो. मग जो दुसऱ्याचे वावर मक्त्याने करतो त्याचे काय? जी बाई दिवसभर कापूस वेचते, परंतु जिच्या नावावर एक गुंठाही नाही, तिचे काय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातील १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यांत रोजंदारी करणारे लोक चौथ्या हिश्शाहून अधिक आहेत. त्याच अहवालात शेती करणारे ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३ आहेत. म्हणजे ज्याच्याविषयी सभा भरत नाहीत तो शेतमजूर शेतमालकाहूनही अधिक संख्येने गेला. भूमिहीन कोण आहे, हे या सभेला सांगण्याची आवश्यकता नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमीन धारण करू दिली गेली नाही त्यांना आज शोकाच्या नोंदवहीतही दुय्यम जागा आहे.

बंधुभगिनींनो, आता मी माझ्या घरातील गोष्ट सांगतो. ती सांगण्याची परवानगी मी माझ्या धाकट्या भावाकडून घेतली आहे. त्याने चार एकर वावर मक्त्याने केले होते. सलग दोन वर्षे कापूस बुडाला. प्रथम त्याची झोप गेली, मग भूक गेली, मग बोलणे गेले. एके संध्याकाळी तो आईला म्हणाला की, आता माझे ओझे तुमच्यावर नको. त्या वेळी मी काय केले? मी त्याला म्हणालो, धीर धर, पुरुषासारखा उभा राहा. व्यासपीठांवरून प्रज्ञा, शील आणि करुणा यांवर बोलणारा मी, माझ्या भावाला दटावून मोकळा झालो. लोक काय म्हणतील म्हणून तीन महिने आम्ही त्याला मागच्या खोलीत ठेवले. कोणी विचारले तर तो कामासाठी बाहेरगावी गेला आहे असे आम्ही सांगत होतो. आईने कोणा बाबाकडून आणलेला ताईत त्याच्या दंडावर बांधला. तो ताईत मी पाहिला आणि गप्प बसलो. त्या मौनाची लाज मला आजही वाटते.

पुढे आम्ही त्याला एका मोठ्या शहरातील खाजगी दवाखान्यात नेले. आगाऊ रक्कम, तपासण्या, खोलीचे भाडे असे करता करता बैलांची जोडी गेली. त्याला थोडे बरे वाटू लागले तोच पैसे संपले. पैसे संपले म्हणून औषध बंद झाले, आणि औषध बंद झाल्यावर तो पुन्हा खाली गेला. शेवटी आमच्या वस्तीतील आशाताईंनी आमचा हात धरला. बसमध्ये बसवून त्यांनी आम्हांला सरकारी रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी त्याला पहिला प्रश्न विचारला तो असा की, जेवलात काय? पैशाचा प्रश्न कोणी विचारलाच नाही. आज तो पुन्हा रानात जातो आणि औषधही घेतो. जे दार घरापासून एका बसच्या अंतरावर होते ते आम्हांला बैल विकल्यानंतर सापडले. तुमच्यापैकी कोणाचे बैल, कोणाचे मंगळसूत्र आणि कोणाचा मुलगा असा जाऊ नये, म्हणून मी हे सांगत आहे.

आमचा हा प्रवास कशाने लांबला? तीन गोष्टींनी: अज्ञानाने, अंधश्रद्धेने आणि लज्जेने. या तिन्ही गोष्टी टाकून देण्यासाठीच आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर धम्म स्वीकारला. बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर करुणा करण्याची प्रतिज्ञा आहे. मग मन आजारी पडलेला माणूस प्राणिमात्रांतून वगळला आहे काय?

बुद्धाच्या काळातील पटाचारेची कथा आपल्या भगिनींना ठाऊक असेल. श्रावस्तीच्या एका श्रेष्ठीची ही कन्या. पती सर्पदंशाने गेला. एक बालक नदीने नेले, दुसरे ससाण्याने उचलले. माहेरी जावे तर वादळात घर कोसळून आईवडील आणि भाऊ गेलेले. एवढ्या आघातांनी तिचे भान हरपले. अंगावरील वस्त्राचीही तिला शुद्ध राहिली नाही. लोक तिला वेडी म्हणत, तिच्यावर केरकचरा आणि मातीची ढेकळे फेकीत. अशा स्थितीत ती जेतवनात आली. लोकांनी तिला अडवू पाहिले, तेव्हा तिला अडवू नका असे तथागतांनी सांगितले. तिला भगिनी म्हणून हाक मारली आणि भानावर येण्यास सांगितले. सभेतील एका मनुष्याने आपले उत्तरीय तिच्या अंगावर टाकले. हीच पटाचारा पुढे विनयाची श्रेष्ठ जाणकार थेरी झाली आणि दुःखाने पोळलेल्या कितीतरी स्त्रिया तिच्याकडे आधारासाठी आल्या.

या कथेत उपचाराचा सारा क्रम आहे. प्रथम दार उघडणे, मग आदराने हाक मारणे, मग लाज झाकणारे वस्त्र देणे, आणि त्यानंतर बोध करणे. आपण क्रम उलटा करतो. प्रथम बोध करतो, आणि वस्त्र तर देतच नाही. विनयपिटकात गग्ग नावाच्या भिक्खूचा प्रसंग आहे. त्याचे चित्त भ्रमिष्ट झाले होते. उपोसथाची त्याला कधी आठवण राही, कधी राहत नसे. संघाने त्याला दोषी ठरविले नाही. रीतसर ठराव करून त्याच्या आजारासाठी संघाने सवलत दिली. उन्मत्त अवस्थेत घडलेल्या कृत्यास आपत्ती नाही, असा विनयाचा नियमच आहे. आजारी माणसाला गुन्हेगार समजू नये हे तत्त्व आमच्या परंपरेत अडीच हजार वर्षांपूर्वीचे आहे. जीव देऊ पाहणाऱ्याच्या बाबतीत मात्र देशाच्या कायद्यात ते येण्यास २०१७ साल उजाडावे लागले.

या कायद्याचे नाव मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७. तो २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्यातील चार गोष्टी प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट: कलम १८ प्रमाणे शासनाने चालविलेल्या अथवा शासनाच्या पैशाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क आहे. ही सेवा परवडणारी, चांगल्या दर्जाची आणि जवळ असली पाहिजे, आणि तीत धर्म, लिंग, वर्ग यांबरोबरच जातीवरूनही भेद करता येणार नाही. जात हा शब्द कायद्याने स्पष्टपणे उच्चारला आहे, हे विसरू नका. दारिद्र्यरेषेखालील, निराधार आणि बेघर माणसाला हे उपचार विनामूल्य मिळाले पाहिजेत. दारिद्र्यरेषेचे कार्ड जवळ नाही म्हणून त्याला परत पाठविता येत नाही. कायद्याने ठरविलेली किमान सेवा जिल्ह्यात नसेल, तर जिल्ह्यातील अन्य सेवेचा खर्च शासनाने सोसावा, असेही हेच कलम सांगते.

दुसरी गोष्ट: जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीवर तीव्र मानसिक ताण होता असे कलम ११५ गृहीत धरते. तिच्यावर खटला भरण्याऐवजी तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन करणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम राहिलेले नाही. कोणा सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न एवढाच त्या संहितेत गुन्हा आहे. तेव्हा ‘पोलिस केस होईल’ या भीतीने रुग्णाला घरी दडवून ठेवू नका. त्या भीतीत जो एक तास जातो त्या तासातच प्राण जातो.

तिसरी गोष्ट: कलम ९४ प्रमाणे आणीबाणीच्या वेळी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर प्राथमिक उपचार सुरू करू शकतो. मानसोपचारतज्ज्ञ हजर नाही, एवढे कारण सांगून प्राथमिक आरोग्य केंद्राने किंवा ग्रामीण रुग्णालयाने रुग्ण दारातून परत पाठविणे योग्य नाही.

चौथी गोष्ट: मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास या कायद्याने मनाई आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एर्वाडी येथे आग लागली तेव्हा साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण पळू न शकल्याने मृत्युमुखी पडले. त्यांचे नातेवाईक दुष्ट नव्हते. देवस्थानात बरे वाटेल या भाबड्या समजुतीने त्यांनी आपली माणसे तेथे ठेवली होती. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला दोराने अथवा साखळीने बांधणे आणि मारहाण करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. आपल्या वस्तीत असा प्रकार दिसला आणि आपण गप्प राहिलो, तर आपली दीक्षा कागदावरच राहिली असे म्हणावे लागेल.

कोणी विचारील की हक्क ठीक आहेत, परंतु खर्चाचे काय, आमचा विमा नाही. हा प्रश्न बाबासाहेबांना फार पूर्वी दिसला होता. १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी विमा हा राज्याच्या मालकीचा असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाचा त्याच्या कमाईप्रमाणे आयुर्विमा उतरविला जावा अशी मागणी केली. १९४२ ते १९४६ या काळात ते मजूरमंत्री होते. पुढे १९४८ साली झालेल्या कामगार राज्य विमा कायद्याची पूर्वतयारी त्याच काळातली. त्या कायद्याने कारखान्यातील कामगाराला आजारपणाचा आधार दिला, परंतु रानातील मजूर त्याच्या बाहेर राहिला. आज महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आणि तिचा लाभ घेतलाच पाहिजे. परंतु अशा योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च पाहतात. मनाचा आजार महिनोन्‌महिने चालतो. त्यात खरा खर्च पडतो तो बसच्या भाड्याचा, बुडालेल्या मजुरीचा आणि दर महिन्याच्या गोळ्यांचा. उमरखेडहून अथवा झरी-जामणीहून यवतमाळला जाऊन येण्यात पूर्ण दिवस मोडतो, आणि सोबत जाणाऱ्याचाही रोज बुडतो. हा खर्च विमा देत नाही. तो एकतर सेवा गावाजवळ आणून वाचतो, नाहीतर समाजाने वाटून घेतला तर हलका होतो.

तोपर्यंत विमा नसलेल्या माणसाने कोठे जावे? राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये यांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. यवतमाळ येथे १९८९ साली स्थापन झालेल्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. विदर्भासाठी नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. २०१५ साली शासनाने चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात आपला जिल्हा होता आणि आशाताईंनी घरोघर जाऊन खचलेल्या माणसांची विचारपूस करावी अशी योजना होती. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही दूरध्वनीसेवा चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६. रात्री-अपरात्री कधीही फोन करा, मराठीत बोला, पैसा लागत नाही. जीव धोक्यात असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, तीही विनामूल्य आहे. हे दोन आकडे विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.

हे सर्व पुरेसे आहे असे मी म्हणत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे दिसून आले की, आजाराच्या प्रकारानुसार शेकडा ७० ते ९२ रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. परंतु ही दरी अटळ नाही. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. गावातलेच कार्यकर्ते आणि समुपदेशक तयार करून त्यांच्या पाठीशी डॉक्टर उभे केले. अठरा महिन्यांत उदासीनतेच्या आजाराने ग्रासलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले. ही किमया मोठ्या इमारतींनी केली नाही. दार ठोठावणाऱ्या माणसांनी केली. अशी माणसे आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत.

म्हणून या विहाराच्या समितीपुढे मी काही सूचना ठेवतो. दोन भगिनी आणि दोन बंधू यांनी आरोग्य केंद्राकडून माहिती व शिक्षण घेऊन कल्याणमित्र म्हणून काम करावे. त्यांच्या कानावर आलेले विहाराच्या चावडीवर येता कामा नये. दानपेटीतील काही भाग रुग्ण आणि सोबती यांच्या बसभाड्यासाठी बाजूला काढावा. ज्या घरात कोणी खचला असेल त्या घरातील फवारणीचे औषध कुलपात ठेवावे आणि किल्ली शेजाऱ्याकडे द्यावी. कोणी मरणाची भाषा बोलू लागला तर त्याला दटावू नये, एकटे सोडू नये. ‘तुमच्या मनात जीव देण्याचा विचार येतो काय?’ असे सरळ आणि शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही समजूत चुकीची आहे. उलट, मनातले ओझे कोणीतरी ओळखले म्हणून माणसाला हलके वाटते. मग त्याच्याबरोबर बसमध्ये बसावे. नुसता पत्ता सांगून मोकळे होऊ नये.

आणि जेथे नकार मिळेल तेथे तो लेखी मागावा. कागद हातात घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि स्त्रिया यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. ज्यांनी धर्मांतरित बौद्धांच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत झगडा दिला त्या समाजाला अर्ज लिहिणे नवे नाही.

एक इशारा देऊन मी थांबतो. मनावर उपचार करताना मनाला जखम करणारा अन्याय विसरता कामा नये. २०१६ साली हैदराबादेत रोहित वेमुला आणि २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी या तरुणांना आपण गमावले. त्यांच्या मरणामागचा जातीचा प्रश्न केवळ गोळीने सुटणारा नव्हता. शेतमजुराच्या निराशेवर औषध द्यावे, आणि त्याबरोबर मजुरी, जमीन आणि सन्मान यांसाठी लढावेही. औषध लढ्याची जागा घेऊ शकत नाही, तसाच लढाही औषधाची जागा घेऊ शकत नाही. ‘चळवळीच्या माणसाने खचू नये’ असे आपण म्हणतो तेव्हा आपणही पटाचारेवर ढेकूळ फेकीत असतो.

जेतवनातील त्या सभेत तिच्यावर वस्त्र टाकणाऱ्या मनुष्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. परंतु त्याने ते टाकले नसते तर ती सभेत बसू शकली नसती. आज संध्याकाळी घरी जाताना आपल्या वस्तीतील बंद दार आठवा आणि त्या दारावर एकदा हाक मारून पाहा. माझ्या भावाच्या दारावर आशाताईंनी तीच मारली होती.

जय भीम! नमो बुद्धाय!